कोणाच्या पूर्वेला

आमच्या कॉलेजात आशिया खंड आणण्याची जबाबदारी माझ्यावर पडली, त्याला कारण नेपाळ. काही वर्षांपूर्वी एका सहलीच्या बसमधून मी काठमांडूला गेलो होतो. त्या प्रवासातलं मला नक्की आठवतं ते एवढंच, की दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं आणि बाकीची मंडळी डोंगर पाहायला गेलेली असताना मी लॉजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला डोंगर पाहत पडलो होतो. पण परत आल्यावर वार्षिक माहितीच्या फॉर्मात 'परदेश दौरा' असा रकाना दिसला. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी लिहिलं, 'आंतरराष्ट्रीय शैक्षणिक भेट, नेपाळ.'

ते फॉर्म कोणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. प्राचार्यांनी वाचला.

"सर, आपल्या स्टाफमधून आशियात जाऊन आलेले तुमी एकटेच," ते म्हणाले.

"सर, आपण सगळेच आशियात राहतो."

"गंमत सोडा. हे पत्र घ्या."

पत्र वरून आलं होतं. नव्या धोरणाप्रमाणे प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात आशियाई दृष्टिकोन यावा, एका संयोजकाने सर्व प्राध्यापकांना त्यासाठी मदत करावी, आणि जमल्यास त्या धर्तीवर एखादा खुला वैकल्पिक विषय, म्हणजे कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येईल असा, सुचवावा. समिती येऊन पाहणी करेल. खाली सही वाचता येत नव्हती, म्हणजे पत्र महत्त्वाचं होतं.

खरं सांगतो, मला ते पत्र पटलं. मी इंग्रजी शिकवतो. वाशीमच्या मुलांना त्यांनी कधी न पाहिलेल्या फुलांच्या कविता आणि कधी न चाखलेल्या पुडिंगच्या गोष्टी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. 'फॉग' म्हणजे काय हे सांगताना मी दर वर्षी खडूची पूड उडवतो. त्यामुळे आपल्या शेजारपाजारचं काही शिकवा असं कोणी म्हणालं की बरं वाटणारच. पटलेलं काम मी फार मन लावून बिघडवतो, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पहिली सूचना मी सरळ काढली. 'प्रत्येकाने आपल्या विषयात आशियाई दृष्टिकोन आणावा.' दुपारी शारीरिक शिक्षणाचे सर शिट्टीसकट माझ्या टेबलापाशी आले. इतका आनंदी माणूस मी स्टाफरूममध्ये आधी पाहिला नव्हता.

"सर, कबड्डी धरू का कुस्ती?"

"कशासाठी?"

"आशियाई म्हनलं ना तुमी! स्पर्धा कुठी हाये?"

त्यांची समजूत काढायला अर्धा तास गेला आणि ते रुसून गेले. मग मला वाटलं, हा शब्दच बदलावा. लोकांनी 'आशियाई' फक्त पदकांच्या बातमीत ऐकलेला असतो. दुसऱ्या सूचनेत मी लिहिलं, 'प्रत्येकाने आपल्या विषयात पूर्वेकडचा दृष्टिकोन आणावा.' सोपं, सुटसुटीत, मराठमोळं. स्वतःवरच खूश होऊन मी शिपायाला ती सूचना दोन ठिकाणी लावायला सांगितली.

पंधरा दिवसांत टिपणं आली. अर्थशास्त्राचे सर माझे जुने दोस्त. त्यांचं टिपण चौदा पानांचं होतं. मी उघडलं, तर पहिल्याच पानावर भंडाऱ्याचे तलाव, गोंदियाचा तांदूळ आणि सिंचनाचा अनुशेष.

"हे काय रे?"

"पूर्वेकडचं मांगलं ना तू? आपन पश्चिम विदर्भ, थो पूर्व विदर्भ. त्यायची बाजू मांडली. मले पटत नाही त्यायची बाजू, पन तू म्हनला म्हनून मांडली."

"अबे, पूर्वेकडचं म्हणजे चीन, जपान!"

"मंग तसं लिवाचं ना बाप्पा! चीनले कोनी पूर्वेकडचं म्हनते का? चीनले चीन म्हनते."

रसायनशास्त्राच्या सरांनी टिपण दिलंच नव्हतं. मी विचारायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेतली चार टेबलं ओढून पूर्वेकडे तोंड करून लावली होती आणि गॅसची नळी पुरत नव्हती. "वास्तूप्रमाणं आता बरोबर झालं," ते समाधानाने म्हणाले. मराठीच्या सरांनी सूर्योदयावरच्या कवितांची यादी दिली. यादी चांगली होती.

या सगळ्यात एकच टिपण असं आलं की जे वाचून मी खुर्चीत नीट बसलो. ते इतिहासाच्या मॅडमचं होतं. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कॉलेजातले काही प्राध्यापक कायम असतात, माझ्यासारखे, त्यांनी काहीही केलं तरी ते असतातच. काही तासांवर असतात. दर वर्षी जूनमध्ये त्यांची नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, आणि विषयाचे तास कमी झाले की नेमणूक नाही. मॅडमना असं आठ वर्षं झालं होतं. इतिहासाला मुलं कमी येऊ लागली होती आणि पुढल्या वर्षी त्यांच्यासाठी तास उरणार नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण नवा खुला विषय मंजूर झाला तर तो त्यांनी मांडलेला, म्हणून तास त्यांना मिळायची आशा होती. त्यांनी ते माझ्याजवळ एकदाच बोलून दाखवलं. "सर, हा विषय झाला तर मी राहीन." मी "होईल, होईल" असं, बस येईल असं सांगावं तसं सांगितलं.

त्यांच्या विषयाचं नाव होतं 'घरातला आशिया'. कल्पना अशी, की मुलांनी आपापल्या घरातली एकेक वस्तू किंवा शब्द घ्यायचा आणि तो कुठून, कोणत्या वाटेने इथवर आला ते शोधायचं. पहिलं प्रकरण सोयाबीनवर. त्यांनी लिहिलं होतं: आपला अख्खा जिल्हा सोयाबीन पेरतो आणि आपल्या कोणाच्याच ताटात ते नसतं. चीन-जपानात लोक पिढ्यान्‌पिढ्या ते खात आले. पीक इथवर आलं, मग चव वाटेत कुठं सांडली? मी ते वाक्य दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत माझ्याकडून असं एकही वाक्य झालेलं नाही.

दुसरं प्रकरण शब्दांचं. दुकान, हजर, वकील, कायदा, इराण-अरबस्तानातून निघून आमच्या वऱ्हाडी तोंडात येऊन बसलेले. तिसरं त्यांच्या गावचं. मॅडमचं गाव मानोऱ्याकडं. त्यांच्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली. मूर्ती आली तेव्हा त्या शाळेत होत्या. मला त्यांनी ते सांगितलं होतं.

"साऱ्या बायका पाहाले आल्या सर. माझी आत्या म्हणे, नाक-डोळे आपल्यासारखे नाहीत. तर माझे बाबा म्हणाले, दुरून आले ना थे, आता इथंच राह्यतीन, हळूहळू आपल्यासारखे दिसतीन. मी तवापासून दर वर्षी पाहते सर."

"मग? दिसायला लागले?"

"आमीच त्यायच्यासारखे दिसाले लागलो की काय, असं वाटते कधी कधी," त्या हसल्या.

आता असं टिपण हाती आल्यावर शहाण्या संयोजकाने काय करावं? वर सही करावी आणि पुढे पाठवावं. पण मॅडमनी जाता जाता म्हटलं, "सर, नाव साधं वाटते का? तुमी भाषेचे आहात. पाहून घ्या जरासं." भाषेचा माणूस म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. मला वाटलं, समितीत मोठमोठी माणसं येणार. 'घरातला आशिया' म्हणजे जरा घरगुतीच. आत सोयाबीन, त्यात बाहेरही 'घर' म्हटलं तर हा पाककृतीचा वर्ग वाटेल. मी जोरदार नाव काढलं: 'पौर्वात्य परिप्रेक्ष्य : एक चिकित्सक आकलन'. टाईप करून पाहिलं. भारदस्त दिसत होतं. परिप्रेक्ष्य हा शब्द मी स्वतः पहिल्यांदाच वापरत होतो.

पूर्वेने मला एकदा भंडाऱ्याला नेऊन सोडलं होतं. तरी मी पुन्हा त्याच दिशेला गेलो. फक्त या वेळी संस्कृतमधून.

मॅडमनी नाव वाचलं.

"सर, पौर्वात्य... बरोबर राहीन का?"

"एकदम बरोबर. समितीला असंच लागतं."

"बरं," त्या म्हणाल्या. आठ वर्षं तासांवर असलेल्या माणसाने कायम असलेल्या माणसाला म्हणावं तसं ते 'बरं' होतं. मला तेव्हा ते होकारासारखं ऐकू आलं.

समिती आली. तिघं होते. सकाळच्या नाश्त्याला मी त्यांच्या सोबत, कारण पाहुण्यांना हसवत ठेवणं हे माझं अलिखित खातं आहे. पोह्यांबरोबर मी त्यांना कबड्डी सांगितली, अनुशेष सांगितला, रसायनशास्त्राची टेबलं सांगितली. नेपाळचं पोटसुद्धा सांगितलं. तिघंही डोळे पुसेपर्यंत हसले. प्राचार्य माझ्याकडं अभिमानाने पाहत होते. आमचे सर म्हणजे गंमतच, असं त्यांनी तीनदा तरी सांगितलं.

मग सभागृहात एकेक विषय. मॅडमची पाळी आली. त्यांनी फिकट निळी साडी नेसली होती आणि कागद हातात न घेता बोलल्या. सोयाबीनपासून सुरुवात केली. समितीतल्या बाईंनी मान वर केली, लिहायला लागल्या. मला वाटलं, झालं काम.

समितीचे अध्यक्ष वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी मुखपृष्ठ उलटून पुन्हा सुलटं केलं.

"मॅडम, मांडणी चांगली आहे. एकच शंका. पौर्वात्य म्हणजे कोणाच्या पूर्वेला?"

"सर, युरोपच्या," मॅडम म्हणाल्या. त्यांना उत्तर माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"बरोबर. म्हणजे तिथं उभं राहून आपल्याकडं पाहणाऱ्यांनी आपल्याला दिलेलं हे नाव. आणि आपण इथं आपला दृष्टिकोन आणायला बसलोय. शिवाय तुमच्या यादीत इराण आहे, अरबस्तान आहे. ते वाशीमच्या पूर्वेला आहेत का?"

"नाही सर. पश्चिमेला."

"मग शीर्षक एक सांगतं आणि आतला मजकूर दुसरं. संकल्पना आधी स्पष्ट व्हायला हवी, नाही का?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी लवकर उठलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो. ते वाचून संपलं तेव्हा उठलो.

"सर, ते शीर्षक माझं आहे," मी म्हणालो. "मॅडमनी 'घरातला आशिया' दिलं होतं. मी बदललं. चूक माझी."

आधी समितीतले तिसरे गृहस्थ हसले. मग अध्यक्ष. मग सगळं सभागृहच, जसं काही नाश्त्याचा शेवटचा किस्सा बाकी होता.

"नाही, खरंच," मी म्हणालो. "गंमत नाही करत."

त्यावर तर जास्तच हसले.

"आमचे सर हे असे," प्राचार्य कौतुकाने म्हणाले. "कोणाचंही अंगावर घेतात."

"सहकारी असावा तर असा," अध्यक्ष म्हणाले आणि काहीतरी लिहिलं. मी अजून उभाच होतो. सव्वीस वर्षांत त्या सभागृहात मी पहिल्यांदा सरळ बोललो होतो आणि ते सरळ बोलणं माझ्या तोंडी कोणाला ओळखता येत नव्हतं. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मला शर्ट ओढून खाली बसवलं.

अहवाल महिन्याभराने आला. 'शीर्षक व आशय यांत विसंगती. प्रस्ताव सुधारून पुढील शैक्षणिक वर्षात सादर करावा.' आणि त्याखाली, 'संयोजकांचे सहकार्य उल्लेखनीय.' प्राचार्यांनी ती ओळ अधोरेखित करून मला पाठवली.

मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, म्हणजे काहीच उपयोगाचं केलं नाही. अर्ज लिहिला, त्याला उत्तर आलं की शीर्षकबदल म्हणजे नवा प्रस्ताव. प्राचार्यांना भेटलो, ते म्हणाले तास नाहीत तर मी नेमणूक कशावर करू, तुम्हीच सांगा. अर्थशास्त्राच्या दोस्ताला म्हटलं, तुझे दोन तास इतिहासाला दे. तो म्हणाला, "अबे, अर्थशास्त्राचे तास इतिहासाले चालत असते तर दिले असते. तू कायले जीवाले लावून घेऊन राह्यला? लोक इसरून जातीन." लोक विसरतील हे खरं होतं. त्याचाच तर त्रास होत होता.

शेवटच्या दिवशी मॅडम स्टँडवर मानोऱ्याच्या बसची वाट पाहत होत्या. मी मोटरसायकल लावून गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, ते तिथं पोचेपर्यंत गळालं.

"मॅडम, तुम्ही तेव्हा सांगितलं काहून नाही, की नाव माझं नाही म्हणून?"

"तुमी सोताहून सांगतलं तरी कोणाले पटलं नाही सर. मी सांगतलं असतं तर म्हणले असते, सिनियरवर ढकलून राह्यली."

"मग मला तरी आधी सांगायचं, की पौर्वात्य चुकीचं आहे."

"विचारलं होतं ना," त्या म्हणाल्या. रागाने नाही. हजेरी घेताना नाव वाचावं तसं. "बरोबर राहीन का, असं विचारलं होतं मी."

मी म्हणालो, मी अजून एक पत्र लिहितो, थेट अध्यक्षांना, सगळं तपशीलवार.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी आता काही लिहू नका."

बस आली. गर्दीत त्यांना खिडकी मिळाली नाही. मी हात हलवला तो कंडक्टरला दिसला असावा, कारण त्याने मला "चढाचं हाये का काका?" असं विचारलं.

पुढल्या वर्षी प्रस्ताव पुन्हा गेला. कोणी पाठवला तर मीच, मॅडमनी लिहिलेला, एक अक्षर न बदलता, त्यांच्याच नावाने. 'घरातला आशिया' पहिल्या फेरीत मंजूर झाला. मी त्यांना फोन केला तेव्हा त्या कारंज्याच्या एका शाळेत पाचवी-सहावीला शिकवत होत्या. "अरे वा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही थोडे खूश झालो. पण खुला विषय हा कोणीही शिकवू शकतो, आणि तास वाटताना आधी कायम प्राध्यापकांचा कोटा भरायचा असतो. त्या वर्षी इंग्रजीचे तास कमी पडले होते. माझे.

मी प्राचार्यांना म्हणालो, हे मी घेणार नाही. ते म्हणाले, मग विषय बंद. मी मॅडमना पुन्हा फोन केला.

"घ्या सर," त्या म्हणाल्या. पलीकडे शाळेची घंटा वाजत होती. "नाहीतर थो विषयच जाईन. चाळीस पोरांनी फॉर्म भरला म्हणता ना?"

"बेचाळीस."

"मग घ्या."

तर आता मी 'घरातला आशिया' शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, मंगळवारी आणि गुरुवारी तास असतो, सोमवारी आणि बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांना फोन करतो. त्या सांगतात, मी वहीत उतरवून घेतो. मुलं असे प्रश्न विचारतात की मी हसून वेळ मारून नेतो, आणि मग ते प्रश्न त्यांना सांगतो. परवा एकाने विचारलं, इराणातला शब्द आमच्या आजोबांच्या तोंडात आला, पण आजोबा तर कारंज्याच्या पलीकडं कधी गेले नाहीत, मग शब्द कसा आला? मी म्हटलं, छान प्रश्न. मॅडमनी फोनवर वीस मिनिटं उत्तर दिलं. त्यांचा आवाज बदलतो तेव्हा. पाचवी-सहावीला त्या काय शिकवतात ते मी विचारत नाही.

कालच्या फोनमध्ये शेवटी त्यांनी विचारलं, "सर, खिडकीजवळ एक पोरगी बसते म्हणता ना तुमी. उंच. फर्स्ट इयरले माझ्याकडं होती. कधी बोलत नसे. आता बोलते का?"

"बोलली ना. काल बोलली."

"खरंच? काय म्हणली?"

ती खरंच बोलली होती. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन तिने विचारलं होतं, "सर, हा विषय मॅडम काहून नाही शिकवत?"

"सोयाबीनबद्दल काहीतरी विचारत होती," मी म्हणालो.

"सांगतलं का तुमी बरोबर?"

"नाही," मी म्हणालो. "मला येत नव्हतं."

"मग लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या, आणि मी वही उघडली.